शेतकरी कुटुंबाला थेट रोख पैसे दिले तर नेमकं काय बदलतं?

प्रश्न असा आला आहे: 'आम्ही बोरिवलीच्या एका सोसायटीतले आठ जण. प्रत्येकी महिना हजार रुपये बाजूला काढून मराठवाड्यातल्या शेतकरी कुटुंबाला द्यायचं ठरवलं आहे. काहींचं म्हणणं, बियाणं-खत घेऊन द्यावं, रोख दिली तर दारूत जाईल. काहींचं म्हणणं, सरकार देतंच आहे की, आपल्या पैशाने काय फरक पडणार? थेट पैशाने कुटुंबात खरोखर काय बदलतं? आणि द्यायचेच तर कसे द्यावेत?'

रोख द्या. बियाणं-खत घेऊन देण्याच्या भानगडीत पडू नका. मात्र किती, कधी आणि कोणाच्या खात्यावर हे आधी ठरवा, कारण तेच पैसे मे महिन्यात दिले तर एक काम करतात आणि ऑगस्टमध्ये दिले तर दुसरंच. माझं काम ग्रामीण पतपुरवठ्यातलं. ऑफिस दादरला आणि कामाची गावं परभणी, हिंगोली, बीडकडची, त्यामुळे दोन्हीकडचे प्रश्न कानावर येतात. मुंबईत विचारतात, 'पैशांचं करतात काय?' तिकडे विचारतात, 'पैसे पडणार कधी?' मला दुसरा प्रश्न जास्त शहाणा वाटतो.

थेट पैशाने शेतकऱ्याचं उत्पन्न लगेच वाढत नाही. आधी कमी होते ती घाई. कोरडवाहू घरात वर्षातून तीनदा पैशाची घाई असते: मृगाच्या आधी, दिवाळीच्या तोंडावर आणि मार्चअखेर. या तीन वेळी हातात पैसा नसला की माणूस महाग घेतो, स्वस्त विकतो आणि नको त्या माणसाकडून कर्ज काढतो. तुमचे पैसे नेमके तिथे पोचले, तर ते आपल्या आकड्यापेक्षा जास्त काम करतात.

आकड्यांत बघू. अडीच एकर कोरडवाहू, सोयाबीन आणि बांधाकडेला चार तासं (ओळी) तुरीची, नवरा-बायको, दोन मुलं, म्हातारी आई असं घर धरा. २०२४च्या खरिपाचे ढोबळ भाव लावतो. बियाण्याची तीस किलोची बॅग तीन हजारांच्या आसपास, एकरी एक, म्हणजे साडेसात हजार. डीएपी खताची बॅग १,३५० रुपये, त्याचे सव्वातीन-साडेतीन हजार. ट्रॅक्टरची नांगरट, रोटा आणि पेरणी मिळून पाच हजार. म्हणजे जून उजाडेपर्यंत सोळा हजार रोख लागले. पुढे तणनाशक, दोन-तीन फवारण्या, सोंगणी (कापणी), मळणी, हमाली मिळून आणखी एकोणीस हजार. एकूण पस्तीस. पाऊस बरा झाला तर चौदा क्विंटल माल, ४,२०० रुपयांनी अठ्ठावन्न-एकोणसाठ हजार. खर्च वजा जाता हातात तेवीस-चोवीस हजार, तेही घरच्यांची मजुरी न धरता. बाकी घर चालतं ते दुसऱ्याच्या रानातल्या रोजगारावर. हे काही एखादंच अभागी घर नाही. २०१९च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत देशातल्या शेतकरी कुटुंबाचं सरासरी मासिक उत्पन्न १०,२१८ रुपये निघालं होतं. त्यात पिकाचे फक्त ३,७९८ आणि मजुरी-पगाराचे ४,०६३. शेतकऱ्याच्या घरात पिकापेक्षा मजुरीचा पैसा जास्त येतो, हे मुंबईत सांगितलं की लोकांना खरं वाटत नाही.

आता ते जूनचे सोळा हजार कुठून येतात ते पाहा. हातात नसले तर कृषी केंद्रातून, म्हणजे बियाणं-खताच्या दुकानातून, उधारीवर बॅगा उचलायच्या. उधारीचा भाव रोखीपेक्षा शे-दोनशेने चढा असतो, ब्रँड दुकानदार ठरवतो आणि वर शेकडा तीन रुपयांनी व्याज. शेकडा तीन म्हणजे महिन्याला तीन टक्के. जून ते ऑक्टोबर पाच महिन्यांचे २,४०० झाले. शेकडा पाचवाला सावकार असला तर ४,०००, म्हणजे पीएम-किसानचे दोन हप्ते नुसते व्याजात गेले. शिवाय बऱ्याच ठिकाणी बियाणं देणारा आणि माल घेणारा एकच असतो किंवा दोघे एकमेकांचे पाहुणे असतात. उधारी त्याची, मग माल त्याच्याच आडतीवर घालावा लागतो. काट्यावर काय कापलं, ओलाव्याचं किती धरलं, हे विचारायची सोय राहत नाही.

ऑक्टोबरातली घाई याहून महागात पडते. सोंगणीला मजूर रोख मागतात, मळणीवाला रोख मागतो, दिवाळी आलेली असते. सोयाबीन ओलं असतानाच मोंढ्यावर, म्हणजे बाजारात, जातं. २०२४-२५ला सोयाबीनचा हमीभाव होता ४,८९२ रुपये आणि बाजार त्याच्या सातशे-आठशेने खाली. सरकारसाठी खरेदी करणाऱ्या नाफेडच्या केंद्रावर हमीभाव मिळत होता, पण तिथे माल बारा टक्के ओलाव्याचा लागतो (त्या वर्षी नोव्हेंबरात पंधरापर्यंत सवलत दिली), ऑनलाइन नोंदणी लागते, नंबर लागेपर्यंत थांबावं लागतं आणि पैसे नंतर खात्यावर येतात. थोडक्यात, हमीभाव घ्यायलासुद्धा महिना-दीड महिना थांबण्याइतकी ऐपत लागते. चौदा क्विंटलला साडेसातशेचा फरक धरला तर साडेदहा हजार होतात. त्या वेळी घरात दहा-बारा हजार रोख असले तर हे कुटुंब थांबू शकलं असतं. 'आपल्या पैशाने काय फरक पडणार' याचं हे एक उत्तर.

थांबलं की भाव मिळतोच, असं मात्र समजू नका. २०२१च्या ऑगस्टमध्ये सोयाबीन दहा हजारांपर्यंत गेलं. तो आकडा डोक्यात ठेवून पुढची दोन वर्षं ज्यांनी माल घरात ठेवला, त्यांच्यातल्या बऱ्याच जणांनी शेवटी साडेचार हजारांनी विकला. पैसा हातात असला की कधी विकायचं ते तो शेतकरी ठरवतो. ते ठरवणं चुकूही शकतं.

मार्चअखेरची घाई शहरात कोणाला माहीत नसते. गावच्या सोसायटीचं (शेतकऱ्यांच्या सहकारी पतसंस्थेचं) किंवा बँकेचं पीककर्ज वेळेवर फेडलं तर महाराष्ट्रात तीन लाखांपर्यंत व्याज लागत नाही. केंद्राची सवलत आणि राज्याची पंजाबराव देशमुख योजना मिळून ते शून्यावर येतं. देशातलं सगळ्यात स्वस्त कर्ज म्हणायला हरकत नाही. पण मार्चअखेर मुद्दल एकदा भरावं लागतं, मग नवं मिळतं. याला गावात 'नवं-जुनं करणं' म्हणतात. त्या आठ-पंधरा दिवसांसाठी लोक खासगी सावकाराकडून घेतात आणि सावकार त्या पंधरवड्याचंही पूर्ण महिन्याचं व्याज लावतो. नवं-जुनं चुकलं की खातं थकीत, सवलत गेली, पुढच्या वर्षी कर्ज बंद आणि मग बारा महिने शेकडा तीन-पाच. कुटुंब घसरतं ते बहुधा या पायरीवरून. दुष्काळाने घसरलेलं लगेच दिसतं, मार्चने घसरलेलं दोन वर्षांनी दिसतं.

सरकार देतंच आहे, हा तुमच्यातल्या काहींचा मुद्दा. देतं. पीएम-किसानचे वर्षाला सहा हजार, दोन-दोन हजारांच्या तीन हप्त्यांत, डिसेंबर २०१८ पासून लागू. त्यावर राज्याच्या नमो शेतकरी महासन्मान निधीचे सहा हजार. त्याचा पहिला हप्ता २६ ऑक्टोबर २०२३ला शिर्डीच्या कार्यक्रमातून सुटला. बारा हजार म्हणजे वर उदाहरण दिलं त्या घराच्या पिकातल्या शिलकीच्या निम्मे. ही रक्कम हसण्यावारी नेण्यासारखी नाही. अडचण तिच्या तुकड्यांत आणि तारखेत आहे. नियमाप्रमाणे पहिला हप्ता एप्रिल ते जुलै या काळातला. २०२४ साली तो १८ जूनला पडला, पेरणीला उपयोगी आला. २०२५ साली २ ऑगस्टला पडला. तोवर सोयाबीन फुलोऱ्याला आलेलं असतं आणि उधारी करून झालेली असते. तारीख आधी माहीत नसलेला पैसा कितीही हक्काचा असला तरी त्याच्या भरवशावर बॅग आणता येत नाही. तुमच्या आठ जणांना सरकारपेक्षा एकच गोष्ट चांगली करता येईल, ती म्हणजे तारीख पाळणं.

आता दारू. या शंकेत शहरी तुच्छता थोडी आहे, पण शंका खोटी नाही. दारूने बुडालेली घरं मी पाहिली आहेत. फक्त ती बुडाली रोजच्या संध्याकाळच्या रोजगाराच्या पैशाने आणि गुत्त्याच्या उधारीने. बँकेत एकरकमी पडलेल्या मदतीने बुडालेलं घर शोधावं लागेल. जागतिक बँकेच्या डेव्हिड एव्हान्स आणि अ‍ॅना पोपोव्हा यांनी २०१४ साली वेगवेगळ्या खंडांतल्या रोख मदतीच्या एकोणीस अभ्यासांचा आढावा घेतला. दारू-तंबाखूवरचा खर्च वाढल्याचं जवळपास कुठेही आढळलं नाही, काही ठिकाणी तर तो घटलेला निघाला.

आपल्याकडचा अनुभव हवा असेल तर मध्य प्रदेशातला आहे. 'सेवा' या स्वयंरोजगार करणाऱ्या महिलांच्या संघटनेने युनिसेफच्या मदतीने २०११-१२मध्ये इंदूरकडच्या आठ गावांत प्रत्येकाला दरमहा पैसे दिले, मोठ्याला दोनशे आणि मुलाला शंभर, पुढे वाढवून तीनशे आणि दीडशे. अट काहीच नव्हती. बारा गावं पैसे न देता तुलनेसाठी ठेवली होती. पैसे मिळालेल्या गावांत खाणं सुधारलं, मुलं शाळेत जास्त टिकली, कर्जाचा बोजा हलका झाला. आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे लोक दुसऱ्याच्या रानातली मजुरी कमी करून स्वतःच्या रानात जास्त राबायला लागले. पैसे मिळाले की माणूस आळशी होतो, असं म्हणणाऱ्याने हे एवढं वाचावं. ज्याची स्वतःची खुरपणी मजुरीच्या पायी मागे पडते, त्याला हजारभर रुपये मिळाले तर तो काय करेल? आधी स्वतःचं तण काढेल.

दारूपेक्षा मला भीती वाटते बोअरची. मोठी एकरकमी मदत मिळाली की घरातल्या पुरुषाच्या मनात पहिला विचार बोअर घ्यायचा येतो. देणारेही खूश होतात, कारण ती 'उत्पादक गुंतवणूक' दिसते. चारशे फूट खोदाई, केसिंग, मोटर, केबल मिळून पाऊण-एक लाख सहज जातात आणि मराठवाड्याच्या कातळात पाणी लागेलच असं नाही. लागलं तरी दोन उन्हाळ्यांत आटलेले बोअर गावोगाव आहेत. नारळ हातावर ठेवून पाणी सांगणाऱ्यावर एक लाख लावणं हा जुगारच आहे, आणि त्यात गेलेला पैसा मी दारूत गेलेल्या पैशापेक्षा किती तरी जास्त पाहिला आहे. म्हणून एका घराला एकदम लाखभर देऊ नका. पैसे जूनच्या कामाएवढेच असले तर ते बहुधा जूनच्याच कामाला लागतात.

एकरकमी द्यावं की महिन्याला, यावर केनियात चांगलं काम झालं आहे. तिथे गिव्हडायरेक्टली या संस्थेने दिलेल्या पैशांचा अभ्यास योहानेस हाउसहोफर आणि जेरेमी शपिरो यांनी केला, २०१६ साली तो छापून आला. ज्यांना महिन्याला मिळाले त्यांच्या घरात खाण्याची ओढाताण कमी झाली. ज्यांना एकदम मिळाले त्यांनी टिकाऊ वस्तू केल्या, जनावरं घेतली, गवताच्या छपराजागी पत्रे घातले. याचा अर्थ मी असा घेतो की महिन्याचा पैसा पोटाला लागतो आणि एकरकमी पैसा घराला, शेताला. दोन्हींची गरज आहे. शहरात आपल्यालाही पगार वेगळा आणि बोनस वेगळा लागतो, तसंच.

शेजाऱ्यांचं काय होतं, हाही प्रश्न आहे. त्याच संस्थेने पुढे केनियातल्याच सियाया भागात साडेसहाशेहून जास्त गावांच्या परिसरात दहा हजारांवर कुटुंबांना प्रत्येकी सुमारे हजार डॉलर दिले. भाव भडकतील अशी भीती होती, पण वाढ एक टक्क्याच्याही बरीच खाली राहिली. दिलेल्या प्रत्येक डॉलरमागे आसपासच्या व्यवहारात अडीच डॉलरच्या आसपास उलाढाल झाली आणि ज्यांना काही मिळालं नाही त्यांचाही खर्च वाढला. गावातल्या किराणावाल्याला, गवंड्याला, शेळी विकणाऱ्या म्हातारीलाही तो पैसा पोचतो. पण तिथल्याच दुसऱ्या एका पाहणीत शेजाऱ्यांच्या मनाला झोंबल्याचंही दिसलं. आपल्याकडे तर झोंबतंच. त्याला उपाय एकच: कोणाला का दिलं, हे गावात उघड सांगता येईल अशा घराला द्या.

आजारपण हा वेगळाच खड्डा आहे. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत ऑपरेशन होतं, पण योजनेबाहेरच्या तपासण्या आणि औषधं, सोबतच्यांचा येण्याजाण्याचा खर्च आणि बुडालेला रोजगार त्यात येत नाही. तुम्ही बोरिवलीहून परळला आलात तर टाटा हॉस्पिटलच्या बाहेर फुटपाथवर आणि दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत अशी कुटुंबं भेटतील. उपचाराला पैसा लागला नाही असं ती सांगतील, आणि मुंबईत राहण्या-खाण्यासाठी गाभण म्हैस विकली हेही सांगतील. म्हणून तुमच्या पैशातला काही भाग आजारपणात गेला तर तो वाया गेला म्हणू नका. म्हैस वाचली, हे त्या कुटुंबाच्या हिशेबात मोठं आहे.

लग्नातही जातो. मुलीच्या लग्नाला कर्ज काढणं मलाही पटत नाही, पण त्यावर अट घालणं त्याहून पटत नाही. मोबाइल घेतला म्हणून नाराज होणारे दाते मला भेटतात. ओटीपी, ई-केवायसी, ई-पीक पाहणी, नाफेडची नोंदणी सगळं मोबाइलवर आहे; मोबाइल नसेल तर सरकारी हप्ताही अडकतो.

पैसे कोणाच्या खात्यावर, याला माझं उत्तर ठरलेलं आहे: घरातल्या बाईच्या. लाडकी बहीण योजना २०२४च्या जुलैपासून सुरू झाली, एकवीस ते पासष्ट वयाच्या पात्र बाईला महिना दीड हजार. राजकारण काय ते असो, पण बाई स्वतः बँकेत किंवा ग्राहक सेवा केंद्रावर जाऊन अंगठा लावून स्वतःचे पैसे काढायला लागली. खातं होतं आधीही. त्यात हक्काने काही येत नव्हतं. ते पैसे बहुतेक घरात तेल, मुलांची वही, दवाखाना आणि बचत गटाचा हप्ता यांत जातात. नवरा मागून घेतो का? घेतो, काही घरांत. पण मागावे लागतात, एवढा फरक पडतो. एक बारीक अडचणही लक्षात ठेवा: ज्या बाईच्या नावावर जमीन असून तिला किसान आणि नमोचे हजार रुपये महिन्याच्या हिशेबाने मिळतात, तिला लाडकी बहिणीचे पाचशेच मिळतात.

मोठे शेतकरी तक्रार करतात की या पैशांमुळे खुरपणीला बायका मिळत नाहीत. मजुरी वाढली असेल तर ती वाढायलाच हवी होती, असं माझं मत आहे आणि त्यावर गावात माझे वादही झाले आहेत.

मदत कुठे तोकडी पडते, तेही बघा. बीडकडची जोडपी दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात, ती मुकादमाकडून आधीच घेतलेल्या उचलीपायी. एका कोयत्याची, म्हणजे एका जोडप्याची, उचल पन्नास हजारांपासून लाखाच्या वर जाते. फिटली नाही तर पुढच्या वर्षी पुन्हा त्याच मुकादमाकडे. अशा घराला महिना दीड हजाराने खाणं सुधारेल, उचल सुटणार नाही. उचल घ्यायच्या वेळी, म्हणजे पावसाळ्यात, तिच्या तोडीची रक्कम हातात आली तरच ते घर एखादा हंगाम गावात राहू शकतं, मुलांची शाळा बुडत नाही. आठ जणांचं हे काम नाही. पण पुढे कधी मोठा गट झाला तर डोक्यात ठेवा.

मुंबईकरांना थेट रोख मदत ही परदेशातून आलेली कल्पना वाटते, याची मला गंमत वाटते. लालबाग-परळच्या गिरणीतला चाकरमानी गावकीच्या गाळ्यात वळकटीएवढ्या जागेत राहून महिन्याला रत्नागिरी-साताऱ्याला मनीऑर्डर करत होता. फॉर्मच्या खाली दोन ओळी लिहायची जागा असे, तेवढंच पत्र. त्या पैशाला अट नव्हती, फोटो नव्हता, अहवाल नव्हता. कोकणातली कित्येक घरं, शाळा आणि लग्नं त्यावर उभी राहिली. १८ जानेवारी १९८२ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली अडीच लाखांच्या आसपास कामगार संपावर गेले. मनीऑर्डरी आटल्या आणि गिरणगावासोबत शेकडो मैलांवरच्या गावांत चुली मंदावल्या. त्यातून दोन गोष्टी कळतात. एक म्हणजे नियमित पैसा अचानक थांबला तर कुटुंबाला आधीपेक्षा जास्त लागतं, कारण त्याने सगळं त्या पैशावर बेतलेलं असतं. दुसरं म्हणजे मनीऑर्डरीने घर चाललं तरी कोकणातली शेती काही वाढली नाही. राबणारा हातच मुंबईत होता आणि वरकस जमिनी पडीक राहिल्या. पैसा एकटा शेती करत नाही. माणूस, पाणी आणि भाव लागतोच.

आता तुमचे पैसे. आठ जणांचे महिना आठ हजार, वर्षाचे शहाण्णव हजार. माझा सल्ला: दोन घरं निवडा, प्रत्येकी ४८ हजार. त्यातले २४ हजार मेच्या तिसऱ्या आठवड्यात, १२ हजार ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात, आणि दरमहा एक तारखेला हजार. त्या घराचं गावच्या सोसायटीचं पीककर्ज असेल तर ऑक्टोबरचे अर्धे पैसे मार्चच्या मध्यावर द्या, पण हे त्यांना विचारून ठरवा. एका घराला वर्षात पन्नास हजारांच्या आत राहणं सोयीचंही आहे. नातेवाईक नसलेल्यांकडून आर्थिक वर्षात मिळालेल्या भेटी पन्नास हजारांच्या वर गेल्या की आयकर कायद्याप्रमाणे त्या उत्पन्नात धरल्या जातात. तुम्हाला स्वतःला मात्र करसवलत मिळणार नाही. करसवलतीची पावती नोंदणीकृत संस्थेमार्फत दिले तरच मिळते, थेट माणसाला दिल्यावर नाही. सोसायटीच्या मीटिंगमध्ये हा प्रश्न येणारच, म्हणून आधीच सांगितलं.

घर निवडताना सरकारी यादीतून गळालेलं बघा. पीएम-किसान सातबाऱ्यावर चालतं. बटईने किंवा ठोक्याने दुसऱ्याची जमीन कसणाऱ्याला त्यातलं काही मिळत नाही. १ फेब्रुवारी २०१९ नंतर वारसाहक्काखेरीज जमीन नावावर आलेल्यांनाही मिळत नाही. नवरा गेल्यावर वारस नोंद रखडलेली बाई, सासऱ्याच्या नावावरच्या सामाईक क्षेत्रात राबणारी सून, ही सगळी शेती करतात पण कागदावर शेतकरी नाहीत. पत्नीचं नाव सातबाऱ्यावर लावायची लक्ष्मी मुक्ती योजना महाराष्ट्रात १९९२ पासून आहे, पण ती किती घरांत वापरली जाते ते तलाठ्याला विचारून बघा. ओडिशाने आपल्या कालिया योजनेत वाटेकरी आणि भूमिहीन धरले होते, म्हणजे धरता येतात. नाव सुचवायला सरपंच एकटा नको. आशाताई, अंगणवाडीताई आणि बचत गटाची अध्यक्ष, तिघींकडून वेगवेगळी नावं मागा. जे नाव तिघींच्या यादीत असेल तिथे आधी जा.

खात्याची खातरजमा पहिले पैसे पाठवण्याआधी करा. दोन वर्षं व्यवहार नसलेलं खातं निष्क्रिय होतं. काही जनधन खाती अपुऱ्या केवायसीची 'लहान खाती' असतात. त्यांतून महिन्याला दहा हजारांच्या वर काढता येत नाही आणि शिल्लक पन्नास हजारांच्या वर जाऊ देत नाहीत. तुमचे चोवीस हजार पेरणीच्या आठवड्यात तिथे अडकून पडतील. थकीत कर्ज असलेल्या बँकेत खातं असेल तर तेही टाळा. आलेली रक्कम होल्डला टाकल्याचे किंवा कर्जात वळती केल्याचे प्रकार घडतात आणि सोडवायला हेलपाटे पडतात. पोस्टातलं खातं बहुधा निर्धोक. पहिल्यांदा शंभर रुपये पाठवा, त्या बाईने ते स्वतः काढून आणल्याचं फोनवर कळलं की मगच पुढचे.

बियाणं का नको, ते राहिलं. तुम्ही बोरिवलीत बसून जे वाण निवडाल, ते तिच्या रानाला चालेलच असं नाही. पाऊस लांबला तर ती सोयाबीन सोडून दुसरं काही पेरेल, तेव्हा तुमच्या बॅगांचं काय? घरचं चाळून ठेवलेलं बियाणं असेल तर तिला बॅग नकोच असेल, खताला आणि मजुरीला पैसे हवे असतील. आणि दुबार पेरणी आली तर बियाण्याची मदत कोण देणार?

फोटो मागू नका, धनादेश देतानाचा तर नाहीच. खर्चाच्या पावत्या मागू नका. मागितल्या तर मिळतील, कृषी केंद्रवाला हव्या त्या रकमेची देतो. तीन वर्षं देणार असाल तर पहिल्याच दिवशी तीन वर्षं असं सांगा आणि शेवटच्या वर्षाच्या सुरुवातीला पुन्हा आठवण करा. तुमच्यातल्या एखाद्याचा पैसा मध्येच बंद पडला तर बाकीच्या सातांनी तो भरून काढायचा, हे तुमच्या-तुमच्यात आधी लिहून ठेवा.

फरक पडला की नाही, हे बघायला वर्षाला तीन प्रश्न पुरतात. जूनमध्ये: बॅगा रोखीने आणल्या की उधारीवर? डिसेंबरमध्ये: माल कधी, कोणाला, काय भावाने घातला? एप्रिलमध्ये: नवं-जुनं झालं का, आणि त्यासाठी कोणाकडून घेतले? पहिल्या वर्षी तिन्ही उत्तरं जुनीच आली तर घाबरू नका. पहिल्या वर्षाचे पैसे बहुतेक जुनी उधारी फेडण्यात जातात, आणि ते जाऊ द्यावेत. मागची बाकी मिटल्याशिवाय कृषी केंद्रवाला तिला दुसऱ्या दुकानात जाऊ देत नाही. दुसऱ्या जूनपासून उत्तरं बदलायला लागतात. तिसऱ्या जूनलाही बॅगा उधारीवरच येत असतील तर पैसे थांबवू नका, पण एकदा प्रत्यक्ष जाऊन या. कुठे तरी आजारपण, जमिनीचा दावा किंवा एखादं मोठं कर्ज आहे, जे फोनवर सांगितलं गेलेलं नाही.